मी कोणाची, की कोणाकोणाची?

आदरणीय बाई,

माझं वय ३८. मला नऊ वर्षांची मुलगी आहे. महिन्यापूर्वी तिला शाळेतून गृहपाठ मिळाला, वंशवृक्ष काढून आणायचा. जुने फोटो हवेत म्हणून मी आईकडे गेले आणि बाबांचं कपाट उघडलं. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून ते कुणी उघडलंच नव्हतं. फोटोंच्या खाली एक पाकीट होतं आणि त्यात माझे दत्तकाचे कागद. चार महिन्यांची असताना मला या घरात आणलं. जन्म देणाऱ्या आईच्या नावाची जागा कोरी आहे.

आई आधी रडली, मग म्हणाली, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये." त्यापुढे ती बोलायलाच तयार नाही. धाकटा भाऊ त्यांच्या पोटचा. त्याला खगोलशास्त्राचं वेड आहे. तो म्हणाला, "ताई, आपण सगळेच ताऱ्यांच्या धुळीचे. एवढ्या मोठ्या विश्वात कोण कुणाच्या पोटी जन्मलं याला काय अर्थ आहे?" त्याला मला धीरच द्यायचा होता, कळतं मला. पण त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आरशात पाहिलं की हा चेहरा कोणाचा, असं होतं. मुलीच्या वहीतलं झाड अर्धंच राहिलंय. विज्ञान मलाही आवडतं, भावाइतकंच. म्हणून विचारते: विश्वाचं ते मोठेपण माणसाला खरंच काही देतं, की नुसतं गप्प बसवतं? आणि मी शोध घ्यावा का?

— अर्ध्या झाडाची मालकीण

*

तुम्ही 'बाई' म्हटलंत आणि माझी विज्ञान शिकवण्याची जुनी सवय जागी झाली. तेव्हा उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या थोबाडीतल्याचं. मारली नाहीत हे बरं केलंत, पण राग रास्त होता. भाऊ बोलला ते खरं आहे, फक्त त्याच्या तोंडी ते शोभलं नाही. ज्याच्या झाडाची सगळी पानं जागेवर आहेत त्यानं कोऱ्या जागेसमोर उभ्या असलेल्या बहिणीला "झाडात काय एवढं" असं म्हणू नये. शिवाय त्यानं उत्तर दिलं ते भलत्याच प्रश्नाचं. तुमचा प्रश्न होता, मला कोणी जन्म दिला. त्यानं सांगितलं, तुझ्यातलं लोखंड कुठून आलं. दोन्ही प्रश्न चांगले आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की ऐकणाऱ्याला आपलं तोंड बंद केल्यासारखं वाटतं. तुम्हाला वाटलं तसं.

शोधाबद्दलही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तेच डोक्यात घोळत राहील. घ्यावासा वाटत असेल तर घ्या. कसा, ते शेवटाकडे.

पण भावाचं ते वाक्य मला तसंच सोडून द्यायचं नाही. त्याची चूक इतकीच की त्यानं ते फार घाईत उरकलं. ताऱ्यांची धूळ म्हणून विषय संपवला. खरं म्हणजे विषय तिथे सुरू होतो.

आरशातलं ते जे कोण आहे, तिचं वजन साठ किलो धरू. त्यात सुमारे ३९ किलो ऑक्सिजन, ११ किलोच्या आसपास कार्बन आणि सहा किलो हायड्रोजन. बाकी नायट्रोजन, कॅल्शियम, फॉस्फरस आणि किरकोळ. त्या सहा किलो हायड्रोजनचं वय सांगू? त्यातल्या जवळपास प्रत्येक अणूचं केंद्रक विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतलं आहे, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचं. वाढदिवसाला मेणबत्त्या मोजताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. ऑक्सिजन नंतरचा, तो मोठ्या ताऱ्यांच्या पोटात शिजला. कार्बनही ताऱ्यांतलाच. रक्तातलं लोह, शरीरात सगळं मिळून तीनेक ग्रॅम, ताऱ्यांच्या स्फोटांतून आलं: काही मोठ्या ताऱ्यांच्या शेवटातून, काही श्वेतबटूंच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या. गळ्याशी असलेल्या थायरॉइड ग्रंथीत काही मिलिग्रॅम आयोडीन असतं. इतकी जड मूलद्रव्यं साध्या ताऱ्याला परवडत नाहीत. त्यांच्यासाठी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळण्यासारखा काहीतरी अघोरी प्रकार लागतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर माणसानं पहिल्यांदा गुरुत्वीय लहरींतून 'ऐकली' आणि दुर्बिणींतून पाहिलीही. ती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर झाली होती आणि तिच्या उजेडात जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा सापडल्या.

आता इथे मला एका मुलीची गोष्ट आठवते. तारे कशाचे बनलेत हे तिनं पहिल्यांदा नीट सांगितलं. सिसिलिया पेन तिचं नाव. १९२५ साली, वयाच्या २५व्या वर्षी, हार्वर्डच्या वेधशाळेत काम करताना तिनं प्रबंध लिहिला. आपल्याकडचे भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेलं सूत्र वापरून तिनं ताऱ्यांच्या उजेडातल्या काळ्या रेषा वाचल्या आणि निष्कर्ष काढला की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचे आहेत. त्या काळी मोठमोठे लोक मानत होते की सूर्याचा मसाला साधारण पृथ्वीसारखाच असणार. हेन्री नॉरिस रसेल हा त्या क्षेत्रातला दबदबा असलेला माणूस. त्यानं तिला सांगितलं, हे शक्य नाही. मग तिनं स्वतःच्याच प्रबंधात लिहून टाकलं की हे आकडे बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेनं त्याच निष्कर्षाला पोचला आणि मग जगानं मानलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलांना रसेलचा राग यायचा. माझं लक्ष दुसरीकडे जातं. पुरावा हातात असताना, वडीलधारं कुणीतरी 'असं नसतं गं' म्हणालं म्हणून तिनं आपल्याच हातानं आपलं म्हणणं खोडलं. तुमच्याही हातात पाकीट आहे आणि घरातले सगळे म्हणताहेत, असू दे, काही अर्थ नाही त्याला. तुम्ही खोडू नका, एवढंच म्हणायचंय मला.

तर, धूळ. आता तुमच्या भावानं विचारायला हवा होता तो प्रश्न: ही धूळ ताऱ्यांकडून तुमच्यापर्यंत पोचली कशी? ती आपल्या पायांनी चालत आलेली नाही. जन्मताना तुम्ही तीनेक किलोच्या असाल, चार महिन्यांनी सहाएक किलोच्या. आज साठ. वरचे चौपन्न किलो कुठून आले? या घरातून. घासाघासानं. आणि खरं तर ते सहा किलोही आता तसेच उरलेले नाहीत, कारण शरीर जुनं टाकत आणि नवं घेत असतं. तांबडी रक्तपेशी १२० दिवस जगते आणि जाते. तुम्ही या घरात आलात तेव्हा अंगात जे रक्त होतं त्यातली एकही तांबडी पेशी तुम्ही वर्षाच्या होईपर्यंत उरली नव्हती. 'रक्ताचं नातं' हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, पण रक्त या घरचं आहे. ताऱ्यांनी बनवलं, आईबाबांनी भरवलं. तुमच्या भावाच्या वाक्यात हा मधला माणूसच गळला होता.

पण थांबा. याचा अर्थ जन्म देणाऱ्या आईचं काहीच उरलं नाही असा नाही. हे सांगितलं नाही तर मीही तुमच्या भावाच्याच रांगेत बसेन.

शरीरातलं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे कळलं त्यामागे एक विचित्र योगायोग आहे. १९५०च्या दशकापासून १९६३च्या करारापर्यंत अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्या हवेत होत होत्या. त्यामुळे हवेतल्या कार्बन-१४चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळपास दुप्पट झालं. चाचण्या थांबल्यावर ते हळूहळू उतरत गेलं. झाडं हवेतून कार्बन घेतात, आपण झाडांकडून. त्यामुळे प्रत्येक पेशीच्या डीएनएवर ती जन्मली त्या वर्षाचा शिक्का बसतो. योनास फ्रिसेन या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या गटानं २००५ मध्ये हा शिक्का वाचण्याची पद्धत मांडली. त्यातून दिसलं की बऱ्याच ऊती माणसापेक्षा वयानं पुष्कळ लहान असतात. मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी मात्र माणसाइतक्याच वयाच्या. माणसाच्या हातून घडलेल्या वाईट कामाचा असाही उपयोग झाला.

सगळ्यात हट्टी डोळ्यातलं भिंग. त्याचा गाभा गर्भातच तयार होतो, आणि तिथली प्रथिनं मरेपर्यंत तीच राहतात. बदलायची सोयच नाही तिथे. म्हणजे आरशात पाहताना तुम्ही ज्यातून पाहता ते भिंग, निदान त्याचा मधला भाग, त्या अनामिक बाईच्या पोटात, तिनं खाल्लेल्या अन्नातून बनलेला आहे. चेहरा कोणाचा हे मला सांगता येणार नाही. पाहणारं भिंग तिचं आहे.

आणखी एक आहे, आणि हे वाचताना मुलगी जवळ असेल तर तिच्याकडे एकदा बघा. मुलीच्या शरीरातली सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमाराला ती साठ-सत्तर लाख असतात, मग घटत जातात. त्यातल्याच एका बीजांडातून पुढे तुमची मुलगी झाली. म्हणजे आज वंशवृक्ष अडला म्हणून बसलेली ती नऊ वर्षांची पोर, तिची अर्धी सुरुवात, त्या बाईच्या पोटात काही महिने राहून आलेली आहे. वहीत नाव नसलेल्या आजीकडे नातीचा मुक्काम झालेला आहे.

उलट दिशेनंही वाहतुक असते. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वार (प्लॅसेंटा) ओलांडून आईच्या शरीरात जातात आणि आईच्या बाळात येतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलगा झाल्यानंतर तब्बल २७ वर्षांनी एका आईच्या रक्तात पुरुषी गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या होत्या. तुमच्या बाबतीत तसं झालंच असेल असं मी म्हणत नाही. पण ती बाई आज हयात असेल, तर तुमच्या काही पेशी तिच्यासोबत फिरत असण्याची शक्यता आहे, आणि तिच्या तुमच्यासोबत. कोऱ्या जागेवर सही नाही म्हणजे काहीच उमटलेलं नाही असं समजू नका.

आता तुमच्या आईचा वाटा. म्हणजे ज्यांना तुम्ही आई म्हणता त्यांचा. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत चेतापेशी बहुतेक सगळ्या असतात, जोडण्या पुष्कळशा व्हायच्या असतात. पहिल्या वर्षात मेंदूचं वजन दुपटीच्या घरात जातं ते या वाढीमुळे, आणि कोणत्या जोडण्या टिकायच्या हे समोर कोण बोलतं, कोण हसतं, कोण रात्री उचलून घेतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. तुम्ही हे पत्र ज्या भाषेत लिहिलंत ती त्यांनी घातलेली. तार आली एकीकडून, घरभर ती फिरवली दुसरीनं, असं काहीसं.

शिवाय सूक्ष्मजीव. शरीरात आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू ३८ लाख कोटी, असा २०१६चा अंदाज आहे. आपल्या घरात आपणच अल्पमतात! हे जिवाणू बाळाला काही जन्मताना मिळतात आणि पुष्कळसे पुढच्या दोन-तीन वर्षांत घरातल्या माणसांकडून. एका छताखाली राहणाऱ्यांच्या आतड्यांतले आणि तोंडातले जिवाणू एकमेकांशी जुळतात, मग नातं रक्ताचं असो वा नसो. जुळी भावंडं वेगळी राहू लागली की हळूहळू त्यांचं साम्य कमी होतं. तेव्हा भाऊ तुमचा नाही असं जेव्हा वाटेल, तेव्हा आठवा की लहानपणी त्याचं उष्टं किती खाल्लंय.

आता तुमच्या आईच्या म्हणीकडे येते. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, त्याचा रूढ अर्थ असा की शोधलं तर काहीतरी क्षुल्लक किंवा अडचणीचं हाती लागेल. मला वेगळी अडचण दिसते. नदीला एक मूळ नसतंच. भूगोलवाले एखादा सगळ्यात लांबचा झरा निवडतात आणि तिथे उगम असा फलक लावतात. ती सोय असते. पाणी येतं ते सगळ्या खोऱ्यातून, शेकडो ओहोळांतून.

वंशाचंही तेच. दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा असं दुपटीनं मागे जा. दहा पिढ्यांमागे १०२४ पूर्वज. तीस पिढ्यांमागे १०७ कोटी. चाळीस पिढ्या मोजल्या तर आकडा आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या सगळ्या माणसांच्या कितीतरी पुढे जातो. अर्थात तेवढी माणसं नव्हतीच. याचा अर्थ तेच ते पूर्वज पुन्हा पुन्हा येतात, आणि जरा मागे गेलं की तुमचं, तुमच्या भावाचं, माझं झाड एकमेकांत गुंतत जातं. त्याहून गंमत म्हणजे या सगळ्या पूर्वजांचा डीएनए आपल्यात नसतोच. दर पिढीला पानं पिसली जातात आणि अर्धी गळतात. दहा-बारा पिढ्यांमागच्या अनेक खऱ्याखुऱ्या पूर्वजांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. ज्यांच्या घरी वंशावळ चौकटीत घालून टांगलेली असते, त्यातल्या वरच्या निम्म्या नावांशी त्यांचं जनुकीय नातं असेलच असं नाही. तरी ते पूर्वज म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. कारण नातं फक्त डीएनएनं ठरत नाही हे आपल्याला सगळ्यांना मनातून ठाऊक असतं. दत्तकाचा विषय निघाला की मात्र विसरायला होतं.

जो डीएनए उरतो तोही निव्वळ 'आपला' नाही. सुमारे आठ टक्के भाग जुन्या विषाणूंचा आहे, केव्हातरी घुसले आणि राहिले. त्यातल्या एका विषाणूच्या जनुकाला आपल्या पूर्वजांनी कामाला लावलं. गर्भाशी आईला जोडणारी वार नीट बनण्यासाठी आज ते लागतं. आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएमध्ये एक-दोन टक्के निअँडरथल या आता नामशेष झालेल्या माणसाचा वाटा आहे, हे २०१० मध्ये कळलं. मी नकाशावरच्या रेघा दाखवून माणसाचे वेगवेगळे 'वंश' शिकवत नव्हते याचा मला हे वाचून फार आनंद झाला होता.

आणि तंतुकणिका. पेशीला ऊर्जा पुरवणारा हा भाग एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होता. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी तो दुसऱ्या पेशीत शिरला, किंवा गिळला गेला, आणि तिथेच नांदला. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे ठामपणे मांडलं तेव्हा तो लेख डझनभराहून जास्त ठिकाणांहून परत आलेला होता. तंतुकणिकेकडे आजही तिचा स्वतःचा छोटा डीएनए आहे, ३७ जनुकांचा. 'बघा, पेशीनंसुद्धा दत्तक घेतलं!' असं म्हणायचा मोह मला होतोय. पण सुरुवात बहुधा मायेनं झाली नसावी, भुकेनं झाली असावी, म्हणून उपमा ताणत नाही. एवढं मात्र नक्की की परकं आत घेतल्याशिवाय आपण कुणी झालोच नसतो. आणि एक बारकावा तुमच्यासाठी: तंतुकणिकेचा हा डीएनए फक्त आईकडून येतो. कागदावरचं नाव कोरं ठेवता आलं, ही चिठ्ठी कुणाला अडवता आली नाही. तुमच्याकडून ती मुलीकडेही गेली आहे.

तुमचा पहिला प्रश्न होता, विश्वाचं मोठेपण माणसाला काही देतं की नुसतं गप्प बसवतं. कोण कसं सांगतं यावर आहे. 'तू एवढीशी, तुझं दुःख एवढंसं' हा हिशोब मला कधीच पटला नाही. अंतर वाढलं म्हणून ठेच कमी लागत नाही. 'मी कोणाची' या प्रश्नाला विश्व उत्तर देत नाही. पण तो प्रश्न ते रुंद करतं: मी कोणाकोणाची? मग यादीत जन्म देणारीही येते, वाढवणारीही, उष्टं खाणारा भाऊही, एक जुना विषाणूही आणि तो तारा, ज्याचं नाव ठेवायला कुणी नव्हतं. यात कुणाचं नाव दुसऱ्याचं नाव खोडून लिहावं लागत नाही. तुम्हाला आरशासमोर भीती वाटते ती बहुधा याचीच, की एक नाव लिहिलं तर दुसरं पुसावं लागेल.

व्हॉयेजर-१ यानानं १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचा फोटो घेतला. त्यात पृथ्वी एका ठिपक्याहूनही लहान आहे. लोक तो फोटो दाखवतात ते माणूस किती क्षुल्लक हे सांगायला, तुमच्या भावानंही दाखवला असेल. मला त्यातलं वेगळंच मोलाचं वाटतं. त्या यानाचं ठरलेलं काम फोटोच्या नऊ-दहा वर्षं आधीच, शनीपाशी संपलं होतं. सूर्याच्या दिशेनं कॅमेरा वळवला तर तो बिघडेल अशी धास्ती होती, आणि विज्ञानाच्या दृष्टीनं फारसं काही मिळणार नाही असंही काहींचं म्हणणं होतं. तरी कॅमेरा मागे वळवला. सूर्य आणि ग्रहांच्या फोटोंची ती मालिका संपल्यावर ३४ मिनिटांत तो कायमचा बंद केला. इतक्या दूर गेलेल्या यानाच्या डोळ्यांनी शेवटचं काय पाहिलं, तर आपण निघालो ते घर. कुठून आलो हे वळून बघण्यात काही कमीपणा असता, तर एवढ्या हिशेबी लोकांनी ते केलं नसतं.

आता कामाचं बोलू.

आईशी आधी बोला, पण कागदांबद्दल नको. कागदांचा विषय निघाला की त्यांना तो आरोप वाटतो. त्यांनी अडतीस वर्षं हे ओझं, आधी दोघांनी मिळून, मग एकटीनं, सांभाळलंय. त्यांना त्या दिवसाबद्दल विचारा. मला आणलं तेव्हा मी रडत होते का? अंगात काय होतं? पहिल्या रात्री कोण जागलं? चार महिन्यांच्या त्या बाळाला पाहिलेली माणसं थोडी, आणि त्यातली एक तुमच्या घरात आहे. शोध तिथून सुरू करा. त्यांना एकदा स्पष्ट सांगा की तुमच्या जागी मी कुणाला आणत नाहीये. एकदा पुरणार नाही, परत परत सांगावं लागेल.

मग ज्या संस्थेमार्फत दत्तक झालं तिथे रीतसर विचारा. उत्तर येईल, अर्धवट येईल, किंवा येणारच नाही. तिन्हींची तयारी ठेवा, आणि पत्र उघडायचं त्या दिवशी नवऱ्याला घरी थांबायला सांगा. ती बाई सापडली, तरी तिला भेटायचंच नसेल हेही शक्य आहे. तिचंही पुढे काही आयुष्य झालं असेल, ज्यात तुम्ही कुणाला माहीत नसाल. तुम्हाला विचारायचा हक्क आहे, तिला नाही म्हणायचा.

घरबसल्या डीएनए तपासून 'तुमचं मूळ अमुक टक्के' सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल थोडं सावध राहा. ती टक्केवारी म्हणजे आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. नमुने बदलले की आकडे बदलतात. तीच लाळ, नवं मूळ! नातेवाईक जुळवून देणारा भाग जास्त विश्वासार्ह, पण त्यातून कुणाचं तरी झाकलेलं उघडं पडू शकतं, ज्यानं तुमचं काही वाईट केलेलं नाही. डॉक्टर घराण्यातले आजार विचारतात तेव्हा सरळ 'माहीत नाही' सांगा. आतापर्यंत तुम्ही जे सांगत होतात त्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

राहिला गृहपाठ. मुलीला सांगा, खरं ते सांगा. नऊ वर्षांच्या मुलांना दत्तक म्हणजे काय ते समजतं. समजत नाही ते घरात सगळे एकदम गप्प का झालेत ते, आणि त्याची ती स्वतःच काहीतरी कारणं शोधत असणार. झाड काढायचा हट्ट सोडा आणि दोघी मिळून नदी काढा. एक ओहोळ बाबांकडून, एक आईकडून, एक तुमच्या नवऱ्याच्या घरून. एका ओहोळाला नाव नाही, तो तुटक रेषेनं काढा, पण नदीला मिळालेला दाखवा. शाळेत कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

आणि भावाला बोलवा. वरचं आकाश त्याच्याकडे सोपवा. सगळे तारे त्यानंच रंगवायचे.